अनुभव : १४०१

[दृश्य : फोंड्यातलं घर, मुसळधार पाऊस. पत्र्याची ट्रंक उघडते.]

डांबराच्या गोळ्या घातल्या होत्या, तरी गोव्याच्या पावसानं ही कार्डं सोडली नाहीत. कडा फुगल्यात, पिवळ्या पडल्यात. भोकं मात्र शाबूत आहेत, आणि इथं सगळं महत्त्व भोकांनाच.

नाव घ्यायचं नाही, या अटीवर काका आमच्याशी बोलले. मुंबईत ते प्रोग्रॅमर होते. यंत्र, आयबीएम १४०१ हा कॉम्प्युटर. त्याला प्रोग्रॅम आणि माहिती द्यायची ती या भोकं पाडलेल्या कार्डांवरून.

[दृश्य : खिडकीच्या उजेडात धरलेलं एक कार्ड.]

एका कार्डावर ८० उभे रकाने, प्रत्येकात १२ जागा. आकडा असेल तर एक भोक, अक्षर असेल तर दोन. अगदी वरची जागा आणि एकची जागा पंच केली की झाला इंग्रजी ए. या कार्डावर छापील अक्षर एकही नाही. तरी काका कसे बोट फिरवत घडाघडा वाचतात, बघा.

[दृश्य : गड्डीचा माथा, अगदी जवळून.]

ही पेन्सिलीची तिरकी रेघ. गड्डी हातातून सुटली की कार्डांचा क्रम गेला, म्हणून माथ्यावर आधीच रेघ ओढून ठेवायची. रेघ जुळली की प्रोग्रॅम जुळला.

यंत्र मिनिटाला ८०० कार्डं वाचायचं. काकांच्या यंत्राची मेमरी मात्र ४,००० अक्षरांची. तुम्ही ऐकताय ते अख्खं निवेदन त्यात भरलं, तर बरीच जागा त्यातच संपेल. काका त्यावर अख्ख्या कारखान्याचा पगार काढत.

१४०१ बाजारात आलं १९५९ साली. परदेशात वापरून झालेली ही यंत्रं दुरुस्त करून आपल्याकडे भाड्यानं दिली जात. पुढे परकीय चलन कायद्यानुसार भांडवलातला हिस्सा कमी करायला आयबीएम तयार झाली नाही आणि १९७८ मध्ये तिनं इथला गाशा गुंडाळला. देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. यंत्रं चालत राहिली, पण त्यांचे दिवस भरले होते. चाळिशी उलटलेले काका गोव्यात परतले.

[दृश्य : फाईल. कार्बन प्रती, गंजलेल्या टाचण्या.]

अर्जामागून अर्ज. प्रत्येकात 'अनुभव'पुढे टंकलेलं : आयबीएम १४०१, ऑटोकोडर, कोबोल. शेवटच्या दोन प्रोग्रॅम लिहायच्या भाषा. ऑटोकोडर त्या यंत्राबरोबरच संपणार होती, मान्य. पण कोबोल नव्या यंत्रांवरही चालायची. अर्ज चाळणाऱ्याला हे ठाऊक हवं ना! मांडवीतून खनिजाचे बार्ज रात्रंदिवस ये-जा करत होते. त्यांचे हिशेब ठेवणाऱ्या एका हापिसात साहेबानं सगळे कागद पाहिले आणि विचारलं, "टायपिंग येता?"

[दृश्य : काकांचा चेहरा. इथे निवेदन नाही.]

शेवटी नोकरी लागली, एका दुकानात हिशेबनीस म्हणून. काही वर्षांनी तिथं पीसी आला. तो शिकायला मालकानं एका तरुण कारकुनाला पाठवलं.