मिरजेचा तंबोरा: मानांकन मिळालं, आता पुढे काय?

नमस्कार मंडळी. माईक जरा जवळ सरकवता का? चाळीस वर्षं स्टेजवर बसतेय पण गवयाच्या मागे, हातात तंबोरा घेऊन, त्यामुळे माईक माझ्या तोंडासमोर आलाय असं फारसं झालेलं नाही. आज आलाय तर बोलून घेते.

पत्रिकेत विषय छापलाय मानांकनाचा, आणि तुम्हाला माहितीच आहे, २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, दोघांना वेगवेगळं. पेपरात बातमी आली त्या दिवशी आमच्या घरी गोडाचं केलं होतं मी. कुणाचं लग्न ठरलं का म्हणून शेजारीण विचारायला आली, म्हटलं नाही गं, तंबोऱ्याचं बारसं झालं. (हशा) तर त्याच्यापुढे काय करायचं हेच सांगायचंय. पण एक प्रसंग आधी सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय मी एवढी पोटतिडकीने का बोलतेय ते कळणार नाही.

काही वर्षांपूर्वी, शहराचं नाव नको, हॉलचंही नको, एका मोठ्या गायकांच्या मैफलीला मला साथीला बोलावलं. मी म्हटलं माझी जोडी घेऊन येते. तर आयोजक म्हणाले, ताई तंबोरे आणू नका, गाडीत जागा नाही, इथे आहेत छान दोन. गेले. बघते तर स्टेजवर दोन तंबोरे उभे, झेंडूच्या माळा घातलेले, मागे निळा पडदा, लाइट सोडलेला, फोटोत एकदम देखणे. मी जवळ जाऊन तार छेडली तर आवाज असा आला की पत्र्याच्या डब्यावर कुणी नख मारावं. जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारी ती घासणी, नाहीच. तारा गंजलेल्या. मग म्हटलं निदान सुरात तरी आणू, खुंटी पिळायला गेले, हलेना. परत जोर लावला, हलेना. वाकून बघितलं तर खुंट्या फेविकॉलने चिकटवलेल्या! चारीच्या चारी! दोन्ही तंबोऱ्यांच्या! डेकोरेटरचा मुलगा अगदी निरागसपणे म्हणाला, टेम्पोत हलवताना निसटून पडतात ना मॅडम, म्हणून पॅक केल्या.

मुलावर माझा राग नाही. त्याच्या लेखी ती समई होती, फुलदाणी होती. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ही वस्तू वाजते.

मग साउंडवाल्याने सांगितलं, ताई तुम्ही नुसती बोटं फिरवा, आवाज मी मोबाइलवरून सोडतो, अ‍ॅप आहे. मी त्या दिवशी उठून जायला हवं होतं, पण गायक आमच्या गुरुजींच्या ओळखीचे, वेळ झालेली, हॉल भरलेला, बसले. पहिला राग यमन, निभावलं. यमनला पंचम, म्हणजे प, लावून चालतं, अ‍ॅपवर पंचमच होता. दुसरा मालकंस. आता तुमच्यातले निम्मे लोक हसताय म्हणजे तुम्हाला पुढचं कळलं. मालकंसात पंचम नाही. पहिली तार मध्यमात, म्हणजे म वर, उतरवायची असते, खुंटी जराशी सैल करायची, कान लावायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. गायकांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं, मी साउंडवाल्याकडे बघितलं, तर तो मोबाइल टेबलावर ठेवून चहाला गेलेला. आणि स्पीकरमधून पंचम चाललाय, पंचम चाललाय, थांबतच नाही. माझ्या हातात तंबोरा आहे, चाळीस वर्षांचा हात आहे, आणि खुंटीला फेविकॉल आहे. गायक दोन मिनिटं थांबले, तबलजीने उगाच तबला ठोकून बघितला, आणि मग त्यांनी मालकंस सोडून दिला, दुसराच राग घेतला, पंचमाचा. पहिल्या रांगेत एक आजोबा बसले होते, मध्यंतरात त्यांनी मालकंसाची फर्माईश केली होती. शेवटी ते माझ्याकडे येऊन म्हणाले, आज मालकंस राहिला का हो? मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री एसटीत मला झोप लागली नाही. पडद्याच्या कापडाला, झेंडूला, लाइटला बजेट होतं. तारांना नव्हतं. चार तारा, मंडळी, चार!

आता हे मला जास्त का लागलं, तर मी मिरजेची. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. शाळेतून येताना आम्ही पोरी भोपळे मोजायचो. दुकानांच्या माळ्यावर, दारात, जिन्याखाली भोपळेच भोपळे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले, शेतात मुद्दाम वाढवलेले आणि महिनोन्‌महिने वाळवलेले. तो खायचा भोपळा नव्हे हो, लहानपणी माझ्या भावाने एकदा चाटून बघितला होता, कडू जहर! मग भोपळा कापायचा, पाण्यात भिजवायचा, मऊ झाला की आत काठ्या अडकवून तोंड ऐसपैस करायचं, आतला गाभा खरवडायचा. वर तुनाच्या लाकडाची दांडी, भोपळ्याचं तोंड झाकायला तुनाचीच तबली, मग नक्षी, पॉलिश. आणि हे सगळं झालं तरी तंबोरा मुका असतो. त्याला बोलतं करतं ती जवारी.

गल्लीत एक चाचा होते, त्यांच्या पायरीवर मी तासन्‌तास बसायची. ते घोडी घासायचे. घोडी म्हणजे ज्याच्यावरून तारा जातात तो चपटा तुकडा, पूर्वी साबरशिंगाची असायची, आता त्याला बंदी म्हणून हाडाची, लाकडाची किंवा फायबरची. कानशीने एक हात, मग तार चढवून ऐकायचं, परत उतरवून एक हात. घोडीचा माथा अगदी किंचित गोलसर हवा, तार त्याच्यावर नुसती टेकली पाहिजे आणि थरथरताना त्याला घासून गेली पाहिजे. जास्त सपाट झाली तर भुणभुण करते, जास्त गोल झाली तर कोरडी टणटण. मग तारेखाली सुताचा एक दोरा सरकवायचे, केसाएवढा मागे, केसाएवढा पुढे, आणि एका जागी तो आला की अचानक सगळा भोपळा बोलायला लागायचा. ते म्हणायचे, पोरी कान लाव, खर्जात बघ गंधार येतोय का. गंधार म्हणजे ग, त्याची तार नसतेच ना तंबोऱ्याला! पंचम, दोन जोड म्हणजे मधले सा, एक खर्ज म्हणजे खालचा सा, संपलं. पण जवारी जमली की खर्जातून गंधार आपला आपण उगवतो. मला तो पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी दहा वर्षांची असेन, पायरीवरून उठून नाचले होते.

या गल्लीची सुरुवात तुम्हाला माहितीये, पण तरुण मंडळी बसलीयेत म्हणून सांगते. ही शिकलगारांची घराणी, तलवारी-भाल्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजी अंमलात हत्यारांचं काम सुटत चाललं, तेव्हा फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला आणि मग घडवायला घेतली, पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला, आणि धार लावणारे हात जवारी लावायला लागले. मला हे फार मोठं वाटतं.

आणि गाणंही इथेच होतं ना. थोर गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते. विष्णु दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्याने डोळे गेले म्हणून इथे डॉक्टर भडभड्यांकडे उपचाराला आले, डोळे आले नाहीत पण बुवांकडे गाणं मिळालं, आणि त्याच मुलाने १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. बालगंधर्व १९०५ साली शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत. हिराबाई बडोदेकरांचा जन्म मिरजेतला, सालही तेच, १९०५. आणि अब्दुल करीम खाँसाहेब! ते नुसते गायचे नाहीत, वाद्य स्वतः उघडून दुरुस्त करायचे, जवारीचा त्यांचा कान असा की सांगलीचे देवल आणि साताऱ्याचे जज्ज क्लेमंट्स श्रुतींचा, म्हणजे स्वरांमधल्या बारीक अंतरांचा, अभ्यास करत होते तेव्हा खाँसाहेबांचा गळा त्यांच्या उपयोगी पडला. २७ ऑक्टोबर १९३७ ला पाँडिचेरीला जाताना वाटेत सिंगपेरुमाळकोइलच्या स्टेशनावर तब्येत बिघडली म्हणून उतरले आणि तिथेच गेले, पण माती मिरजेची मिळाली, दर्ग्यात. मीरासाहेबांच्या उरुसात चिंचेच्या झाडाखाली त्यांच्या नावाने रात्र रात्र गाणं होतं, मी तिथे बसून साथ केलीये, पहाटेच्या गारव्यात तारा चढतात, दर दहा मिनिटांनी सूर बारीक जुळवायला तारेतला मणी सरकवावा लागतो. तसंच नवरात्रात अंबाबाईच्या देवळात. दर्गा आणि देऊळ, दोन्हीकडचे तंबोरे एकाच गल्लीतून आलेले. अगदी...

हो, चिठ्ठी आलीये. दहा मिनिटं? बरं, आठ. मग मुद्द्यावर येते, भराभर सांगते.

मानांकनाने होतं काय तर नाव राखलं जातं, म्हणजे दुसरीकडे कुठे बनवलेला तंबोरा मिरजेचा म्हणून विकायला कायद्याने आडकाठी येते. चांगलंच आहे. पण मानांकन गिऱ्हाईक आणत नाही. तंबोरा कोण घेतं? शिकणारी मुलं अ‍ॅपवर रियाज करतात, गवयी प्रवासाला इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी नेतात, त्यांनाही दोष नाही, विमानात तंबोरा न्यायचा म्हणजे लहान मूल नेण्यासारखं आहे आणि भोपळा फुटला तर रडायला आपणच. मी स्वतः प्रवासात फोन लावून गुणगुणते. पण मैफलीत, माणसं समोर बसलेली असताना, नाही. अ‍ॅप तोच तुकडा परत परत वाजवतं, त्याला हॉल तापला हे कळत नाही, गवयाचा आवाज आज अर्ध्या सुराने खाली आहे हे कळत नाही.

म्हणून माझी मागणी एकच आहे, ती आधी आपल्याच गावाकडे आणि मग कोल्हापूर, सातारा, सोलापूर, जिथे जिथे नाट्यगृह आहे त्या सगळ्यांकडे. प्रत्येक नाट्यगृहाने तंबोऱ्यांची जिवंत जोडी ठेवावी. खरं तर दोन जोड्या, बायकांच्या सुराची, म्हणजे हार्मोनियमच्या काळी चार पट्टीची एक आणि पुरुषांच्या काळी एकची एक, कारण एकच तंबोरा सगळ्यांना ताणून बसवायला गेलं की तारही तुटते आणि नादही जातो. एसीचं वर्षाचं कंत्राट देता ना? लिफ्टचं देता? तसंच जवारीचं द्या, मिरजेच्या कारागिराला, वर्षातून दोनदा येऊन घोडी बघायची, तारा बदलायच्या, खुंट्यांना खडू लावायचा. येण्याजाण्याचं भाडं आणि मजुरी धरली तरी एका कार्यक्रमाच्या फुलांच्या खर्चात बसेल. गल्लीतल्या मुलांना विचारा ते दुसऱ्या कामाला का जातात. नवीन वाद्याची ऑर्डर कधी येईल सांगता येत नाही, पण दुरुस्तीचं काम नेमाने मिळालं तर घर चालतं. शंभर नाट्यगृहं धरा, वर्षाला दोनशे फेऱ्या झाल्या, त्यात किती पोरं कानशी धरायला शिकतील बघा. आणि जवारी शिकायला वर्षं जातात, ती पुस्तकातून येत नाही, चाचांच्या शेजारी पायरीवर बसूनच येते. म्हातारे कारागीर आहेत तोवरच.

दुसरं, गाण्याच्या क्लासवाल्यांनो, आठवड्यातून एक तास फोन बाजूला ठेवा, मुलांना खुंटी पिळू द्या. तारा तुटतील. तुटू देत, तार फार महाग नसते. परीक्षेला येणाऱ्या कितीतरी मुलांना तंबोरा लावता येत नाही, मी परीक्षक म्हणून बसलेय, बघितलंय, राग पाठ असतो आणि षड्ज कुठल्या तारेवर आहे ते माहिती नसतं.

तिसरं भोपळ्याच्या शेतकऱ्यांबद्दल होतं, ते खरं तर सगळ्यात महत्त्वाचं, जमीन अडकून राहते, वाळेपर्यंत सांभाळायला लागतो, त्यांना मानांकनाच्या कुठल्याही बोलण्यात कुणी बोलावत नाही, पण अध्यक्ष घड्याळ बघतायत तेव्हा त्यावर पुन्हा कधीतरी बोलावा मला.

राहिलेली तीन मिनिटं मी बोलणार नाही. ही जोडी मी घरून आणलीये, सकाळी लावलीये, पण इथल्या लाइटने उतरली असणार, थांबा... हं. पंचम जरा... जोड... आता खर्ज. माईक बंद करा बरं, पंखेही. सगळे एकदम नको, पहिल्या दोन रांगांतल्या मुलांनी आधी या, भोपळ्याला कान लावा, आणि गंधार ऐकू आला की हात वर करा.