'ऑफ्टन'मधला ट

नमस्कार मंडळी. जुन्नर-आंबेगावकडचा मुलगा पुण्यात शिकायला येतो आणि 'पानी' म्हणतो, तेव्हा तो काय म्हणाला यापेक्षा कसं म्हणाला हेच आधी ऐकलं जातं. इंग्रजीच्या बाबतीत आपण तेच करतो. मीही केलं आहे, म्हणून आज बोलायला उभा आहे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी वर्गात एक मुलगी धडा वाचत होती. 'ऑफ्टन' म्हणाली. मी तिथंच थांबवलं. "ट सायलेंट आहे, ऑफन म्हण." तिनं तसं म्हटलं, खाली बसली आणि वर्षभर पुन्हा हात वर केला नाही. पुढं कधीतरी शब्दकोश उघडला, तर दोन्ही उच्चार दिलेले! हा ट मुळात बोलला जायचा, १७ व्या शतकाच्या सुमारास गळला, आणि शाळा वाढून लोक स्पेलिंग बघून वाचायला लागले तसा परत आला. इंग्लंड-अमेरिकेतही तो म्हणणारे पुष्कळ आहेत. मुलगी चुकली नव्हती. तिनं इंग्रजी पुस्तकातून उचललं होतं, आपण सगळ्यांनीच तसं उचललं आहे.

स्पेलिंगवर डोळे मिटून विसंबता येतं, असंही नाही. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला ब विद्वानांनी लॅटिन शब्दाकडं बघून मागाहून घातला. तो इंग्रजांच्या तोंडी कधी नव्हताच.

आता र घ्या. 'कार', 'पार्क' म्हणताना आपला र स्पष्ट लागतो, आणि तो गावंढळ आहे असं मुलांना सांगितलं जातं. लंडनमध्ये हा र क्षीण होतो, अशी नोंद जॉन वॉकरनं १७९१ च्या उच्चारकोशात केली. म्हणजे तिथं तो नंतर गळला. स्कॉटलंड, आयर्लंड आणि बहुतेक अमेरिका आजही र म्हणतात. ज्याला आपण 'शुद्ध' इंग्रजी उच्चार समजतो, तो खुद्द ब्रिटनमध्ये सुमारे ३ टक्के लोकांचा आहे, असा पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञाचा १९७४ चा अंदाज होता. त्या मूठभरांसाठी आपण आपल्या मुलांना गप्प करतो!

मराठी कानाचं मला कौतुक वाटतं ते 'व्ह'साठी. 'व्हॅन', 'टीव्ही' यांत आपण व्ह लिहितो, 'वॉच', 'वॉर्ड' यांत नुसता व. इंग्रजीत हे दोन वेगळे ध्वनी आहेत. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागून हवा घासते. आपल्या व मध्ये ती तशी घासत नाही, म्हणून मराठी कानानं त्या घर्षणाला ह जोडला. उच्चार तंतोतंत इंग्रजी नाही, पण फरक हेरला आणि लिपीत टिकवला. 'व्हॉट'मध्ये मात्र आपण स्पेलिंगमधल्या एचला फसलो. तिथं नुसता व पुरतो.

व्याकरणाची भांडणंही अशीच. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन, म्हणजे 'ऑफ', 'टू', 'विथ' असे शब्द नकोत, हा आक्षेप इंग्रज कवी ड्रायडननं १६७२ मध्ये घेतला. लॅटिनमध्ये तसं चालत नाही. इंग्रजी लॅटिन नाही, तरी शाळाशाळांतून तो नियम झाला. 'डिस्कस अबाउट' मात्र मी लेखी उत्तरात दुरुस्त करत आलो, कारण 'डिस्कस'नंतर 'अबाउट' लागत नाही आणि परीक्षेत गुण जातात. बोलताना त्यावरून कुणाला अडवणं मी सोडलं.

अडवायचंच तर आघातासाठी अडवा. 'डेव्हलप' म्हणताना आपण जोर डे वर देतो, इंग्रजीत तो व्हे वर आहे. फोनवर परदेशातल्या माणसाला आपला शब्द कळत नाही, तो बऱ्याचदा यामुळं, ट किंवा र मुळं नाही. हे शिकवायला टाळी पुरते. जिथं जोर, तिथं टाळी. शेवटच्या काही वर्षांत आम्ही तासाची पहिली दहा मिनिटं टाळ्या वाजवत शब्द म्हणायचो, सगळा वर्ग एकदम, आणि मागच्या बाकावरचे आवाजही त्यात ऐकू यायचे.