एका मात्रेची कोंबडी

(दृश्य : अंगणवाडीच्या ओट्यावर बसलेली मुले. टाळ्या वाजवणारे हात.)

आधी या टाळ्या ऐकाव्यात. यांतल्या एकाही मुलाने अजून पाटीवर अक्षर काढलेले नाही, तरीही ओळीत एक मात्रा कमी पडली की हात मध्येच थबकतो आणि एक मात्रा जास्त झाली की जीभ व टाळी यांची चुकामूक होते. मराठी बडबडगीतांचा ठेका पुष्कळदा आठ मात्रांचा असतो. लघू म्हणजे ऱ्हस्व उच्चाराच्या अक्षराची एक मात्रा आणि गुरू म्हणजे दीर्घ उच्चाराच्या अक्षराच्या दोन मात्रा धरून आठाची दोन आवर्तने जोडली, म्हणजे सोळा मात्रांची जी ओळ तयार होते तिला आपल्या छंदःशास्त्राने पादाकुलक असे नाव दिले आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी यमक जुळवलेले चित्रपुस्तक करायचे असेल, तर या सोळा मात्रा आधी कानाने मोजाव्या लागतात.

(दृश्य : वहीचे पान. खोडलेल्या ओळी, समासातल्या खुणा.)

ही त्या पुस्तकाची वही आहे. गोष्ट अगदी साधी आहे. आठवडे बाजारात एका शेळीच्या गळ्यातली घंटा हरवते आणि ती टपरीमागे, गाड्याखाली, भाजीपाशी अशी सगळीकडे शोधत फिरते. कवयित्रीने पहिल्यांदा लिहिले ते असे : ‘टपरीमागे शेळी गेली, घंटा माझी कोणी नेली?’ कागदावर मात्रा चोख होत्या. मात्र मुलांना वाचून दाखवताना ती सगळी ‘कोणी’च्या जागी ‘कुणी’ म्हणू लागली, कारण त्यांच्या घरी तसेच बोलतात. ‘कोणी’ या शब्दाच्या चार मात्रा आणि ‘कुणी’च्या तीन. ठेका एका मात्रेने लंगडा झाला.

येथे दोन वाटा होत्या. मुलांना ‘कोणी’ म्हणायला शिकवता आले असते आणि पुष्कळ पुस्तके नेमके तेच करतात. कवयित्रीने मुलांचा शब्द ठेवला आणि रिकाम्या मात्रेत एक ‘ग’ बसवला : ‘घंटा माझी कुणी ग नेली?’ सोळा मात्रा पुन्हा भरल्या. पण मराठीत ‘ग’ हवेत बोलता येत नाही. तो ऐकायला समोर कोणीतरी बाईमाणूस लागते. शेळी आता कोणाशी बोलते आहे, हा प्रश्न कवितेने चित्राला विचारला.

(दृश्य : चित्रकाराचे टेबल. पेन्सिलीने काढलेली कोंबडी, मग रंगातली.)

त्याचे उत्तर म्हणजे ही कोंबडी. मूळ आराखड्यात ती कोठेच नव्हती. एका मात्रेसाठी ती पुस्तकात आली आणि मग प्रत्येक चित्रात तिला जागा द्यावी लागली. कधी ती टोपलीच्या काठावर बसलेली आहे, कधी सायकलच्या कॅरिअरवर, कधी तागडीच्या रिकाम्या पारड्यात. शब्दांत तिचे नाव एकदाही येत नाही. चित्रपुस्तक आणि सचित्र पुस्तक यांतला फरक येथे डोळ्यांना दिसतो, कारण या पुस्तकात अर्धी गोष्ट ओळी सांगतात, अर्धी चित्रे सांगतात, आणि एकाचे काढून घेतले तर दुसऱ्याचे अडते.

(दृश्य : बाजार. शेळ्यांचा कळप. चित्रकाराच्या हातातली छोटी वही.)

चित्रकाराने शेळी मनाने काढलेली नाही. ही उस्मानाबादी जातीची शेळी आहे : उंच, लांब कानांची आणि बहुधा काळीभोर. तुळजापूर, लातूर, उदगीर या भागातले हे जनावर. तिचे कान हलतात कसे, ती मान वळवते तेव्हा गळ्यातल्या दोरीला पीळ कसा पडतो, हे पाहण्यासाठी तो बाजारात दिवसभर उभा राहिला होता. ज्या मुलाच्या दारात शेळी बांधलेली असते, त्याला चुकीची शेळी लगेच कळते.

(दृश्य : पानाचा कोपरा. उलटण्याआधी थांबलेला छोटा अंगठा.)

यमक कोठे ठेवायचे, याचाही निर्णय येथेच झाला. उजव्या पानावर ओळ ‘घंटा माझी कुणी ग’ इतकीच छापली आहे आणि ‘नेली’ हा शब्द पान उलटल्यावर येतो. ‘गेली’ कानात असल्यामुळे मुले तो शब्द आधीच म्हणून मोकळी होतात आणि पान उलटून आपले बरोबर आले का ते पाहतात. मराठीत क्रियापदांच्या शेवटांमुळे यमक फार स्वस्तात मिळते. ‘आला’ला ‘झाला’ जोडले की काम भागते. येथे तेच सोपे यमक मुद्दाम घेतले आहे, कारण ते मुलाला स्वतःहून सुचायला हवे आहे.

या मागे एक जुनी परंपरा उभी आहे. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा हा चित्रांचा छापखाना सुरू झाला आणि रंगीत चित्रे मराठी घरांच्या भिंतींवर आली. त्या काळच्या शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागत असे. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी मुलांसाठी ‘आनंद’ मासिक काढले. पुढे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम नेले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून ते काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल, या त्यांच्या विचारातून अंगणवाडी हा शब्द रुजला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो मराठी शब्द देशभर गेला. मुलाच्या भाषेकडे मोठ्यांनी चालत जावे, ही त्या बायांची शिकवण या वहीतल्या एका ‘ग’मध्ये उतरली आहे, असे आम्हाला मनापासून वाटते.

(दृश्य : छापखाना. कागदाचे रीम, चार रंगांचे डबे, फिरणारे रूळ.)

आता छपाई. दगडांच्या जागी आज ॲल्युमिनिअमच्या चार पातळ प्लेटी आहेत : निळसर सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा. भिंगातून पाहिले तर सगळे चित्र म्हणजे या चार रंगांचे बारीक ठिपके आहेत, आणि प्रत्येक रंगाचे ठिपके वेगळ्या कोनात मांडलेले आहेत. मशीनमन समासातल्या अधिक चिन्हांवर चारही रंग एकावर एक बसले की नाही ते पाहतो. त्याच्या भाषेत याला रजिस्टर जुळणे म्हणतात. शेळीचा काळा रंग नुसत्या काळ्या शाईने भरला असता तर तो मोठ्या भागावर करडा आणि मेलेला दिसला असता, म्हणून त्याखाली सायनचा हलका थर दिला आहे. अक्षरे मात्र केवळ काळ्या प्लेटवर आहेत, म्हणजे रजिस्टर केसभर हलले तरी वेलांटीला रंगीत सावली पडत नाही.

(दृश्य : छापलेल्या तावावर भिंग.)

हा ठिपका पाहावा. रुळावर धुळीचा कण बसला की कागदावर असा डाग उमटतो. इंग्रजी पुस्तकात त्याकडे कोणी पाहणार नाही. देवनागरीत तो शिरोरेघेवर पडला की अनुस्वार होतो, आणि वाचायला शिकणारे मूल तो प्रामाणिकपणे वाचते. म्हणूनच मशीन थांबवून प्लेट पुसली जात आहे.

हा २३ × ३६ इंचांचा ताव. दोन्ही बाजूंनी आठ-आठ पाने छापून त्याची घडी घातली की मोठ्या आकाराची १६ पाने मिळतात. आपल्या पुस्तकाला २४ पाने आहेत, म्हणजे एका प्रतीला दीड ताव लागतो. छापताना पाने ओळीने येत नाहीत. पहिल्या पानाशेजारी चोविसावे असते, दुसऱ्याशेजारी तेविसावे, आणि प्रत्येक जोडीची बेरीज २५ होते. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेले चित्र फक्त बारा-तेरा या मधल्या पानांवरच अखंड कागदावर छापले जाते. इतरत्र त्याचे दोन तुकडे निरनिराळ्या ठिकाणी छापून मग जुळवावे लागतात. म्हणून शेळीचे तोंड घडीवर कोठेच येऊ दिलेले नाही आणि घंटा जेथे सापडते ते चित्र बारा-तेरावर ठेवले आहे. तेथून पुढची पाने शेळीच्या घराकडच्या वाटेची आहेत.

(दृश्य : घडी, मधोमध पिना, कटिंग मशीनचे पाते.)

पिना मारून झाल्यावर तीन बाजूंनी कटिंग होते, आणि मुलाचे बोट कापू नये म्हणून या प्रतींचे कोपरे गोल केले जातात. प्रती काही अंगणवाड्यांत पोहोचल्या आहेत आणि बाकीच्या जायच्या आहेत.

(दृश्य : पुन्हा तोच ओटा. पुस्तक उघडलेले. एक मुलगी कोंबडीवर बोट ठेवते.)

ही मुलगी पहिल्या दिवशी ‘कुणी’ म्हणणाऱ्यांपैकी एक आहे. पान आता उलटले जाईल, आणि पुढचा शब्द निवेदनाने म्हणायचा नाही.