पाव खाल्ला तरच आत

नमस्कार मंडळी. सकाळी चहात पाव बुडवताना आपला धर्म बुडाला असं कुणाला वाटलंय का हो कधी? नाही ना? पण 1849 साली मुंबईत परमहंस सभा निघाली तेव्हा तिचं मेंबर व्हायला हीच परीक्षा होती, ख्रिश्चन माणसाने भाजलेला पाव सगळ्यांसमोर तोंडात घालायचा आणि जातपात मानणार नाही असं वचन द्यायचं. फॉर्म नाही, फी नाही, नुसता एक घास! पण तो गिळला की घरच्या पंगतीतून उठवायची भीती, त्यामुळे कित्येकांचा घसा तिथेच कोरडा पडत असणार.

यात पुढाकार कुणाचा, तर मराठी व्याकरणवाले दादोबा पांडुरंग वगैरे शिकली सवरली मंडळी. आता गंमत बघा, अट एवढी धीट पण सभा मात्र गुपचूप, सगळं बंद दाराआड. 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली, नावं फुटली आणि सभा विरूनच गेली.

मग 1867 साली प्रार्थना समाज आला, दादोबांचेच भाऊ डॉक्टर आत्माराम पांडुरंग त्यात पुढे. इथे पाव गायब! एकच देव माना, मूर्तिपूजा नको, प्रार्थनेला या, तुकोबांचे अभंग म्हणा, पण जात आधी सोडून या असा हट्ट नाही. काही लोक याला भित्रेपणा म्हणतात, मला तसं पूर्ण पटत नाही, कारण दार उघडं होतं म्हणून तर रानडे, भांडारकर आले ना, आणि नाव लपवायची पाळी कुणावर आली नाही.

अर्थात अट काढली म्हणून धाक थोडाच जातो. 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिश्चन मिशनमध्ये चहा पुढे आला, तिथे रानडे होते, टिळकही होते, नंतर हजर असलेल्यांची नावं पेपरात छापून आली आणि एकच गदारोळ उडाला. म्हणजे पुन्हा नावांची यादीच नडली! शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, तेही प्रार्थना समाजाचे असून, आणि त्यांचेच मित्र त्यांच्यावर चिडले.

मुंबईत गिरगावात प्रार्थना समाज नावाचा बसस्टॉपच आहे, आजही लोक कंडक्टरकडे एक प्रार्थना समाज द्या म्हणून तिकीट मागतात, आणि उतरून समोर दिसेल त्या गाडीवर वडापाव खातात.