मैदान सुटलेली गाडी

[दृश्य: सातारा, जुनी एमआयडीसी. सकाळ. गॅरेजचं शटर वर जातं. आतून रेडिओचा आवाज.]

या गॅरेजच्या मागच्या अंगाला, जांभळाच्या झाडाखाली, एक मारुती एस्टीम उभी आहे. उभी म्हणजे चार ठोकळ्यांवर टेकवलेली. चाकं केव्हाच दुसऱ्या गाडीला गेली. दारावरचा नंबराचा स्टिकर उन्हाने इतका उडालाय, की त्यातला शून्य तेवढा वाचता येतो. आत डोकावलं तर मागची सीट नाही, कार्पेट नाही, दारांना आतून पत्रे नाहीत. सगळीकडून पाइपांचा पिंजरा.

ही गाडी मोटार रॅलीत पळालेली आहे. आणि गेल्या महिनाभरात तिला तीन गिऱ्हाइकं येऊन गेली.

पहिला भंगारवाला. त्याने एक फेरी मारली, बॉनेटवर टिचकी मारली आणि किलोचा भाव सांगितला. एस्टीमचं मुळातलं वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास. या गाडीतून मात्र सीट, कापड, आवाज दाबायला लावलेलं डांबर, जे जे जड ते सगळं काढलेलं. गाडी हलकी व्हावी म्हणून एके काळी पैसे मोजले होते. आता भंगारवाला ती हलकी भरते म्हणून पैसे कापतो.

दुसरा कराडचा एक तरुण. त्याच्याकडे जिप्सी आहे, पावसाळ्यात चिखलात घालायची. एस्टीम आणि जिप्सी, दोघींची तेराशे सीसीची इंजिनं एकाच घराण्यातली, त्यामुळे त्याला फक्त इंजिन हवं होतं. बाकीची गाडी? "ती तुम्हीच ठेवा, काका."

तिसरं गिऱ्हाईक पुण्याचं. ते आलंच नाही, फोन केला. इंजिन चालू आहे का, पत्रा गंजलाय का, काही विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला.

"वही आहे का?"

[दृश्य: कोरेगाव रस्ता. आल्याचं शेत, ठिबकच्या नळ्या. मालक बांधावर उभे.]

गाडीचे मालक कोरेगावकडचे. ऊस आणि आलं. सगळे त्यांना बापू म्हणतात, आपणही बापूच म्हणू. भाव चढणं-पडणं हा विषय त्यांना नव्याने समजावून सांगावा लागत नाही. साताऱ्यात आल्याचा भाव गाडीवर बोलतात, एक गाडी म्हणजे पाचशे किलो. एका हंगामात त्या गाडीने बंगला बांधावा आणि पुढच्या हंगामात काढणीची मजुरीही निघू नये, हे बापूंनी दोन्ही पाहिलंय.

"पण आलं निदान पुन्हा लावता येतं," ते म्हणतात. "ही कुठं लावू?"

रॅलीची गाडी बाजारात इतकी का पडते, हे कळायला ती बनवताना काय करतात ते बघावं लागतं. मिस्त्रींनी आम्हाला ते दाखवलं. कारखान्यात बॉडीचे पत्रे ठरावीक अंतरावर टाके मारून जोडतात. रॅलीसाठी त्या टाक्यांच्या मधल्या जागाही वेल्ड करतात, म्हणजे खड्ड्यात आपटून बॉडी उसवत नाही. मग केज, म्हणजे तो पाइपांचा पिंजरा. आंतरराष्ट्रीय नियमात त्याच्या मुख्य कमानीला बिनजोड पोलादी पाइप लागतो, पंचेचाळीस मिलिमीटर व्यासाचा, अडीच मिलिमीटर जाडीचा. तो बॉडीला वेल्ड केला की गाडी घरगुती राहिली नाही. मागे आजीला बसवायला जागा नाही, पुढे बसणाऱ्याने डोक्याला हेल्मेट घातलं नाही तर पहिल्याच खड्ड्यात तो पाइप कपाळात.

यातल्या बऱ्याच वस्तूंना औषधासारखी मुदत असते. रॅलीच्या साध्या मानांकनाची सीट तयार झाल्यापासून पाच वर्षं चालते. सीटबेल्टच्या पट्ट्यांनाही तारीख असते. तारीख उलटली की सीट कितीही धडधाकट असो, स्क्रूटिनीला, म्हणजे रॅलीआधीच्या तपासणीत, बाहेर. म्हणजे जुनी रॅली कार घेणारा माणूस पहिल्याच दिवशी सीट आणि पट्ट्यांचा खर्च मनात वजा करतो. आणि खुद्द गाडीलाही मुदत आहे. कंपनीने मॉडेल बनवणं थांबवलं, की त्यानंतर सात वर्षांनी तिची आंतरराष्ट्रीय मान्यता संपते. एस्टीम १९९४ साली आली आणि २००७ च्या सुमारास बंद झाली. पुढचा हिशेब तुम्हीच करा.

रस्त्यावर चालवायची म्हटलं तर आरटीओ. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. आरसी बुकावर पाच माणसांची बैठक आणि गाडीत दोनच सीटा, हे पासिंगला कसं चालेल? त्यात पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क. कारसाठी ते सहाशे रुपये होतं, एप्रिल २०२२ मध्ये पाच हजार झालं. हरित कर वेगळा.

म्हणून ती जांभळाखाली.

[दृश्य: पुसेगाव. यात्रेतला बैलबाजार. खिलार बैल, झुली, गुलाल.]

गाड्यांच्या गोष्टीत बैल कुठून आले, असं वाटेल. पण हा बाजार समजायला साताऱ्या-सांगलीच्या माणसाला युरोपात जायची गरज नाही. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत या, नाहीतर खरसुंडीला जा.

मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडी शर्यती बंद झाल्या. त्या काळात पळणाऱ्या खोंडाचं काय झालं, हे इथल्या कुठल्याही गोठ्यात विचारा. बैल तोच, खुराक तोच, पळ तीच. पण मैदान नाही, तर त्या पळीला कोण पैसे देणार? नांगराला तो कामाचा नाही, फार तापट. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि त्याच दावणीला लाखांच्या बोली लागू लागल्या. बैल बदलला नव्हता. मैदान परत आलं होतं.

हेच्या हेच रॅलीत घडलं, फक्त तीस वर्षं आधी.

[दृश्य: काळा पडदा. इंजिनाचा आवाज, मग शांतता.]

१९८२ ते १९८६. ग्रुप बी, रॅलीच्या गाड्यांचा एक गट. नियम असा, की रस्त्यावर चालणाऱ्या दोनशे गाड्या बनवा आणि मग रॅलीसाठी जवळपास हवं ते करा. ऑडीची क्वाट्रो, लान्सियाची डेल्टा एस-४, प्यूजोची २०५ टी-१६, फोर्डची आरएस-२००. हलक्या बॉडीत पाचशेच्या घरातली अश्वशक्ती, आणि रस्त्याच्या कडेला हाताच्या अंतरावर माणसांची भिंत. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालमध्ये एक गाडी प्रेक्षकांत घुसली. २ मे रोजी कोर्सिका बेटावर चालक हेन्री टॉयव्होनेन आणि त्याला शेजारून वाट सांगणारा नॅव्हिगेटर सर्जिओ क्रेस्टो यांची डेल्टा एस-४ वळणावरून खाली कोसळली आणि पेटली. दोघेही गेले. काही तासांत घोषणा झाली: पुढच्या वर्षापासून ग्रुप बी बंद.

एका दिवसात या गाड्यांचं मैदान गेलं. काही रॅलीक्रॉसमध्ये, म्हणजे छोट्या बंदिस्त ट्रॅकवरच्या शर्यतीत पळाल्या, तिथे त्यांना १९९२ पर्यंत आसरा मिळाला. बाकीच्या शेडमध्ये. ज्यांनी कर्ज काढून आरएस-२०० घेतली असेल, त्यांची तेव्हाची झोप आल्याचा शेतकरीच जाणे.

आणि मग बाजार फिरला. का? एक तर ज्या पोरांनी त्या गाड्या डोंगरात कडेला उभं राहून पाहिल्या होत्या, ती पोरं पन्नाशीला आली आणि त्यांच्या खिशात पैसे आले. पण नुसत्या आठवणीवर बाजार चालत नाही. युरोपात जुन्या गाड्यांच्या वेगळ्या रॅली उभ्या राहिल्या, म्हणजेच मैदान परत आलं. अमेरिकेत पंचवीस वर्षांहून जुनी परदेशी गाडी सुरक्षा-नियमांच्या कटकटीशिवाय आणता येते, त्यामुळे लान्सिया इंटिग्राले, लान्सर इव्होल्यूशन, सुबारू इम्प्रेझा अशा गाड्यांना पंचविशी गाठताच गिऱ्हाइकांचा एक अख्खा देश मिळाला. २०२१ मध्ये पॅरिसला आर्टक्युरिअलच्या लिलावात ऑडी स्पोर्ट क्वाट्रो एस-१ वीस लाख युरोंच्या वर गेली.

बापूंना हा आकडा आम्ही रुपयांत करून सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चालू स्थितीत का?"

[दृश्य: यवतेश्वर घाट. एक जुनी जिप्सी कासच्या दिशेने चढते.]

आपल्याकडे असं झालंच नाही असं नाही. जिप्सीचं झालं. डिसेंबर १९८५ मध्ये ती बाजारात आली तेव्हा हजार सीसीच्या आतलं इंजिन आणि पंचेचाळीस अश्वशक्ती. पुढे १९९६ ला तेराशे सीसी, मग २००० ला ऐंशी अश्वशक्ती. खाली शिडीसारखी चॅसी, पाटे, चारही चाकांना ताकद आणि वजन हजार किलोच्या आत. मोडली तर कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होणार. हरी सिंग यांनी राष्ट्रीय रॅलीची पाच विजेतेपदं घेतली ती जिप्सीच्याच काळात. १९९९ ला रेड द हिमालय ही डोंगरातली रॅली सुरू झाली, तिथेही तीच.

२०१९ च्या सुमारास सर्वसामान्यांसाठी जिप्सी बंद झाली, आणि तेव्हापासून जुन्या जिप्सीचा भाव पडायचं नावच घेत नाही. लष्कराने निकाली काढलेल्या जिप्स्यांच्या लिलावावर पोरं टपून असतात. राष्ट्रीय रॅलीत जिप्सी चॅलेंज नावाचा वेगळा गट निघाला. चिखलाच्या स्पर्धा आहेत, डोंगर आहेत. मैदान आहे, म्हणून भाव आहे.

याउलट मित्सुबिशीची सेडिया. दोन लिटरचं इंजिन, २००६ ला आली, रॅलीवाल्यांनी डोक्यावर घेतली. पण कंपनीने इथला कारभार आवरला आणि सुटे भाग दुर्मीळ झाले. माझं मत विचाराल तर सेडिया ही जिप्सीपेक्षा कितीतरी चांगली रॅली कार. बाजाराला माझ्या मताशी काही देणंघेणं नाही.

[दृश्य: गॅरेज. मिस्त्री फळीवरून पत्र्याची पेटी उतरवतात. आत बिलं, स्पार्क प्लगची रिकामी खोकी, एक दोनशे पानी वही.]

आता त्या फोनवरच्या प्रश्नाकडे येऊ. वही.

ब्रिटनमध्ये स्पर्धेच्या गाडीला लॉगबुक असतं. कुठे पळाली, कधी आपटली, तपासणीत काय निघालं. गाडी विकली की वही नव्या मालकाकडे जाते. पुढे लिलावात याच कागदांना पैसे पडतात, कारण रॅली कारइतकी खोटी ओळख सांगणं दुसऱ्या कुठल्या गाडीला सोपं नाही. त्यांचं इंजिन बदलतं, गिअरबॉक्स बदलतो, आणि आपटली की बॉडीही बदलते. मग गाडीतलं मूळचं उरलं काय? कधी कधी नंबरप्लेट. एकाच विजेत्या गाडीवर दोन मालक हक्क सांगतात असे वाद तिकडे झालेत. १९६४ ची माँटे कार्लो रॅली जिंकणारी पॅडी हॉपकर्कची मिनी ब्रिटनच्या मोटार संग्रहालयात जपून ठेवली आहे. पण सगळ्यांच्या नशिबी संग्रहालय नसतं.

आपल्याकडे अशी वही ठेवायची सवय कमीच. मिस्त्रींनी ठेवली, कारण बापू पैसे हप्त्याने द्यायचे.

[मिस्त्री पानं उलटतात. निळी शाई, ग्रीसचे ठसे.]

"ह्ये बघा. पुढचे शॉकअप दोन. चेंबर गार्ड वाकला, सरळ केला. ह्ये नाशिकवरनं आल्यावर. क्लच प्लेट." बोट थांबतं. "आन् ह्ये..."

त्या ओळीत दोनच शब्द आहेत. बॉडी बदली.

"आवो, घाटात पलटी झाली हुती ना. दोघंबी खरचटल्याशिवाय भायेर आलं, पर बॉडीचं पार मातेरं. मग दुसरी बॉडी आणली, केज परत बांधला."

आणि चॅसी नंबर? एस्टीमला वेगळी चॅसी नसते. नंबर बॉडीच्याच पत्र्यावर, इंजिनाच्या मागे कोरलेला असतो. बॉडी बदलली तर नंबर बदलायला हवा, आणि आरसी बुकात तशी नोंद हवी. बापूंच्या आरसीवर जुनाच नंबर आहे. गाडीवरही जुनाच नंबर आहे.

मिस्त्रींनी चहा मागवला. नंतर बराच वेळ ते आल्याच्या भावाबद्दल बोलत होते.

[दृश्य: बापूंचं रान. गोठ्याच्या मागे, घेवड्याच्या वेलाखाली पत्र्याचा ढीग.]

पहिली बॉडी टाकून दिली नव्हती. शेतकरी पत्रा टाकत नाही. गेली कित्येक वर्षं ती बापूंच्या गोठ्यामागे आहे. छप्पर एका बाजूने बसलेलं, काचांच्या जागी जाळी. आत कोंबड्या. दारावर नंबराचा स्टिकर आहे, आणि सावलीत राहिल्यामुळे जांभळाखालच्या गाडीपेक्षा इथे तो स्पष्ट वाचता येतो.

बॉनेट उचललं. इंजिनाची जागा रिकामी, पेंढा भरलेला. त्याच्या मागच्या पत्र्यात, जिथे नंबर असायला हवा तिथे, एक चौकोनी भोक आहे. कडा सरळ, व्यवस्थित कापलेल्या. एक कोंबडी त्या भोकातून मान बाहेर काढून आमच्याकडे बघत होती.

पुण्याला फोन लावला. वही आहे, म्हणालो. आणि काय काय आहे, तेही सांगितलं. पलीकडे थोडी शांतता.

मग त्यांनी विचारलं, दोन्ही मिळून किती म्हणतात?

बापूंनी आमच्याकडे बघितलं, बॉडीकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत घरातून काकी बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"न्यायची तर न्या म्हणावं," त्या म्हणाल्या. "पर आधी कोंबड्यांना खुराडं आणून द्या."