पिनांच्या वरच्या दोन ओळी

(पांढऱ्या कापडावर एक व्हॉल्व्ह. बाजूला त्याचं पुठ्ठ्याचं खोकं.)

अंगठ्याएवढा हा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा काढलेली काचेची नळी. नाव ईसीसी ८३. अमेरिकेत यालाच १२एएक्स७ म्हणतात. गिटारमधून येणारा इवलासा सिग्नल अँपमध्ये, म्हणजे अँप्लिफायरमध्ये, पहिल्यांदा मोठा करतो तो हा. काचेवर ‘मलार्ड’ हे कंपनीचं नाव छापलंय, खोक्यावरही तेच.

दोन्हीवर जाऊ नका. खोकी बदलतात, आणि ही छपाई बोटानं चोळली तरी निघते. शिवाय त्या काळी कंपन्या एकमेकींचा माल आपल्या नावानं सर्रास विकायच्या.

(व्हॉल्व्ह हळूहळू फिरतो. बाजूनं बॅटरीचा उजेड.)

आता पिनांच्या जरा वर बघा. उजेड तिरपा धरला तरच दिसेल. काचेवर राखाडी, बारीक अक्षरं, दोन ओळींत. ही सहज पुसली जात नाहीत. वर ‘आय ६३’, खाली ‘बी ८ एफ ३’. मलार्ड ही फिलिप्सच्या घरातली, म्हणून ही फिलिप्सची सांकेतिक भाषा. वरची ओळ व्हॉल्व्हचा प्रकार सांगते. खालचा ‘बी’ म्हणजे इंग्लंडमधला ब्लॅकबर्नचा कारखाना. इथे त्रिकोण असता, तर नेदरलँड्समधलं हीर्लन. ‘एफ’ सहावं अक्षर, म्हणजे जून. शेवटचा ३ म्हणजे तिसरा आठवडा.

राहिला ८. अख्खं साल एका आकड्यात! कारखान्याचं तेवढ्यात भागायचं. अर्धशतकानंतर कुणी भिंग घेऊन बसेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मग हे १९५८ की १९६८?

(काचेला लावलेली मोजपट्टी, अगदी जवळून.)

आत डोकवायचं. पन्नासच्या दशकातल्या मलार्डच्या आतल्या करड्या धातूच्या प्लेटा लांब, सुमारे १७ मिलिमीटर. साठच्या दशकात त्या १४ वर आल्या. या भरतात चौदा. म्हणजे जून १९६८. खोकं मात्र पन्नासच्या दशकातलं आहे. किंमतही त्याच हिशेबानं सांगितली जाते, हे वेगळं सांगायला नको.

टेलिफुंकेन या जर्मन कंपनीचं सोपं असतं. तळाशी, पिनांच्या मधोमध, काचेतच उठवलेली, पत्त्यांतल्या चौकटसारखी छोटी खूण. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ पासून व्हॉल्व्ह बनवले. जुन्या रेडिओंमधून ‘बेल’चे व्हॉल्व्ह अजून निघतात.

शेवटी माथा बघायचा. तिथला चंदेरी थर पांढराफटक पडला असेल, तर आत हवा शिरली. मग साल कुठलंही असो, व्हॉल्व्ह गेला. याचा थर अजून आरशासारखा आहे.

(व्हॉल्व्ह अँपमध्ये बसतो. स्विचचा आवाज. तळाशी हळूहळू तांबूस उजेड.)