कडेपाशी थांबून बघा

लाल चौकोन, निळा चौकोन, मध्ये काळ्या पट्ट्या. दोन सेकंदांत बघून होतं आणि आपण पुढच्या चित्राकडे वळतो. आज तसं नको करूया. आज जरा जवळ जाऊ, आणि रंगापेक्षा त्याच्या कडेकडे बघू, कारण खरी गंमत तिथेच चाललेली असते.

हे चित्रकार पीट मोंद्रियानचं १९३० सालचं चित्र. जेमतेम दीड फूट बाय दीड फूट, पण पुस्तकात बघितलं की भिंतीएवढं वाटतं! लालने वरचा उजवा भाग जवळजवळ सगळा व्यापलाय, निळ्याला खाली डावीकडे थोडी जागा मिळालीय, आणि पिवळा तर खालच्या उजव्या कोपऱ्यात अगदी एवढासा. तरी चित्र लालकडे कलंडत नाही. का? डावीकडची ती आखूड आडवी काळी पट्टी बघा, बाकीच्यांपेक्षा जाड आहे. मला तर वाटतं लालला तोलून धरायचं बरंचसं काम ती एकटी करते. तिच्यावर बोट ठेवून ती झाका आणि मग परत बघा.

चित्रकार काझिमिर मालेविचचा १९१५ चा काळा चौकोनही असाच, फोटोत एकदम सपाट आणि काळाकुट्ट. प्रत्यक्षात त्या काळ्याला बारीक बारीक भेगा पडल्यात आणि भेगांतून खालचे रंग डोकावतात. आणि तो काटेकोर चौकोनही नाहीये, बाजू किंचित तिरक्या आहेत. हाताने काढलाय ना!

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा चित्रकार, योझेफ आल्बर्स. १९५० मध्ये, साठी ओलांडल्यावर याने चौकोनात चौकोन काढायला घेतले आणि १९७६ मध्ये जाईपर्यंत तेच काढत राहिला, एक हजाराहून जास्त. हार्डबोर्डवर पांढरा थर, मग ट्यूबमधला रंग सहसा काहीही न मिसळता तसाच सुरीने पसरवायचा, आणि कुठला रंग कुठल्या कंपनीचा ते मागे लिहून ठेवायचं. सुरुवात मधल्या चौकोनापासून, मग बाहेर बाहेर. ही सवय वडलांची, ते घरं रंगवायचे.

नीट बघा, चौकोन मधोमध नाहीत, खाली बसलेत. खाली एक भाग सोडला तर बाजूंना दोन आणि वर तीन. तेवढ्यानेच कधी आपण बोगद्यात शिरतोय असं वाटतं, तर कधी आतला चौकोन अंगावर येतो, आणि आत की बाहेर हे ठरतं फक्त शेजारच्या रंगावरून. घरीच करून बघा, एकाच राखाडी कागदाचे दोन तुकडे घ्या, एक काळ्यावर ठेवा, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसेल, पांढऱ्यावरचा मळकट, आणि आपणच कापलेत हे माहीत असूनही डोळे ऐकत नाहीत.

आता स्क्रीनवर आल्बर्सचे एकात एक तीन पिवळे चौकोन आहेत. मधल्या पिवळ्याची बाहेरची कड बघत राहा, थोड्या वेळाने तिथे एक बारीकशी चकाकती रेघ दिसायला लागते, जी कुणी रंगवलेलीच नाही. पुढचा अर्धा मिनिट मी काही बोलत नाही.